एकोणीस खून, पाच वर्षे. नऊ कॅसेट, पन्नास वर्षे

सप्टेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या फेडरल न्यायालयात साल्वातोरे ग्रॅव्हानो याला शिक्षा सुनावण्यात आली. गँबिनो या माफिया घराण्यातला हा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. आपण १९ खुनांत सामील होतो, हे त्याने स्वतः कबूल केले होते. न्यायाधीश लिओ ग्लासर यांनी त्याला पाच वर्षांची कैद दिली. त्यातली जवळजवळ चार वर्षे त्याने आधीच भोगली होती.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, कॅलिफोर्नियात एका माजी सैनिकाने दोन दुकानांतून नऊ व्हिडिओ कॅसेट चोरल्या. त्यांतल्या बहुतेक लहान मुलांच्या सिनेमांच्या होत्या. एकूण किंमत १५३ डॉलर ५४ सेंट. त्याने कोणावर हात उगारला नाही, हत्यार दाखवले नाही. पण त्याच्या नावावर जुन्या घरफोड्या होत्या, आणि वर्षभरापूर्वी कॅलिफोर्नियाने केलेल्या कायद्यानुसार तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरलेली होती. दोन दुकाने म्हणजे दोन गुन्हे, आणि दोन्ही शिक्षा एकीनंतर दुसरी भोगायच्या. किमान ५० वर्षे. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा कायम केली.

भागाकार करून पाहू. पहिल्या प्रकरणात एका खुनामागे सव्वातीन महिनेही भरत नाहीत. दुसऱ्यात एका कॅसेटमागे साडेपाच वर्षे पडतात. न्याय आंधळा असतो असे म्हणून हा फरक सोडून देता येत नाही, कारण या दोन्ही शिक्षांमागे एकच नियम काम करत होता. अमेरिकेच्या फौजदारी न्यायव्यवस्थेत गेल्या पन्नास वर्षांत तुरुंगवासाचे वर्ष हे चलन झाले आहे. सरकार ते छापते, सरकारी वकील त्याचा भाव ठरवतो आणि आरोपी आपल्याकडची माहिती देऊन ती वर्षे परत विकत घेतो. ग्रॅव्हानोकडे विकण्यासारखे खूप होते. कॅसेट चोरणाऱ्याकडे काहीच नव्हते.

तुरुंगांचा पसारा

आधी ही व्यवस्था किती मोठी आहे ते पाहू. २०२४ साली अमेरिकेत सुमारे १९ लाख माणसे कोणत्या ना कोणत्या कोठडीत होती. सगळा गोवा आत टाकला तरी जागा उरेल, एवढी ही संख्या आहे. ही माणसे १,५६६ राज्य तुरुंग, ९८ फेडरल तुरुंग, तीन हजारांहून अधिक स्थानिक कोठड्या, शिवाय बालगुन्हेगारांची आणि स्थलांतरितांची केंद्रे यांत विखुरलेली आहेत. २००८च्या सुमारास हाच आकडा २३ लाखांवर गेला होता. एक लाख लोकसंख्येमागे अमेरिकेत पाचशेहून अधिक माणसे कैदेत असतात, भारतात चाळिसेक. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा जेमतेम चार टक्के, आणि जगातल्या कैद्यांमध्ये मात्र सहावा हिस्सा.

स्थानिक कोठड्यांमध्ये वर्षभरात सत्तर लाखांहून अधिक वेळा कोणाला तरी आत घेतले जाते. कोणत्याही एका दिवशी तिथे चार लाखांहून अधिक असे लोक असतात, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. बऱ्याच जणांकडे जामिनाचे पैसे नसतात, एवढेच.

आता यासमोर दुसरा आकडा ठेवू. १९६७ साली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने संघटित गुन्हेगारीचा अंदाज दिला होता. मोठ्या शहरांत पसरलेल्या २४ टोळ्या आणि त्यांचे सुमारे ५,००० सदस्य. ज्या माफियावर शेकडो सिनेमे निघाले, ज्याच्या भीतीने कायदे बदलले, तो आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावात मावेल एवढा होता.

हात न लागणारी पाच हजार माणसे

पण ही पाच हजार माणसे कायद्याच्या हाती लागत नव्हती, ही वस्तुस्थिती होती. शिकागोचा अल कपोन १९३१ साली अकरा वर्षांसाठी तुरुंगात गेला तो खुनांसाठी किंवा दारूच्या धंद्यासाठी नव्हे. त्याच्यावर सिद्ध झाले ते आयकर बुडवणे. १९२९ साली व्हॅलेंटाइन दिनी शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. त्या सात खुनांसाठी आजतागायत कोणालाही शिक्षा झालेली नाही.

१४ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अपालाचिन या खेडेवजा गावात देशभरातून भारी गाड्या येऊन एका घरापाशी थांबल्या. एडगर क्रॉसवेल या राज्य पोलीस सार्जंटला संशय आला. त्याने नाकेबंदी करताच महागड्या सुटाबुटातली माणसे जंगलात पळाली. साठच्या आसपास टोळीप्रमुख आणि त्यांचे साथीदार त्या दिवशी पोलिसांच्या हाती लागले. तोवर एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर देशव्यापी माफिया अस्तित्वात असल्याचेच मानत नव्हते. त्या काळात एफबीआयच्या न्यूयॉर्क कार्यालयात साम्यवाद्यांच्या मागावर चारशेहून अधिक एजंट होते आणि संघटित गुन्हेगारीसाठी चार. पकडलेल्यांपैकी वीस जणांवर कटाचा खटला चालला, शिक्षाही झाल्या. १९६० साली अपिलात त्या सगळ्या रद्द झाल्या. एका घरी जमणे हा गुन्हा नव्हता.

मूळ अडचण हीच होती. कायदा एका वेळी एक गुन्हा पाहत होता आणि टोळीप्रमुख कोणत्याही गुन्ह्याच्या जागी हजर नसायचा. तो हुकूम द्यायचा, तोही दोन-तीन माणसांच्या आडून. साक्षीदार बोलला तर मरायचा, आणि ज्यूरी विकत घेता यायची. १९८७ साली गँबिनो घराण्याचा प्रमुख जॉन गॉटी एका मोठ्या खटल्यातून निर्दोष सुटला. ज्यूरीतल्या एका सदस्याने त्यासाठी ६० हजार डॉलर घेतल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. एका शहराच्या न्यायाची तेवढीच किंमत पडली.

शंभर वर्षांचे हत्यार

ऑक्टोबर १९७० मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा झाला. रॉबर्ट ब्लेकी या कायदेपंडिताने घडवलेला ‘रिको’ हा त्याचाच भाग. त्याची कल्पना सोपी आणि जबरदस्त होती. खून, खंडणी, लाच, जुगार, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांची एक यादी. दहा वर्षांच्या आत त्यांतले दोन गुन्हे करून कोणी एखादी टोळी किंवा संस्था चालवत असेल, तर ती टोळी चालवणे हाच स्वतंत्र गुन्हा. प्रत्येक आरोपाला वीस वर्षांपर्यंत कैद आणि त्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त. आता प्रमुखाला खुनाच्या जागी उभे करून दाखवण्याची गरज उरली नाही. टोळीच्या गुन्ह्यांशी त्याचा संबंध दाखवला की पुरे.

हे हत्यार हाती घ्यायला सरकारी वकिलांना दहा वर्षे लागली. मग मात्र ते चालले. न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांचे एक मंडळ होते, ‘कमिशन’. मॅनहॅटनमध्ये वीस लाख डॉलरवरचे काँक्रीटचे प्रत्येक मोठे कंत्राट कोणत्या ठेकेदाराला जाणार, हे ते मंडळ ठरवायचे आणि किमतीच्या दोन टक्के घ्यायचे. गगनचुंबी इमारतींच्या त्या शहरात चढणाऱ्या मजल्यांवर माफियाचा कर बसत होता. १९८५ साली मॅनहॅटनचे तेव्हाचे फेडरल सरकारी वकील रूडी जुलियानी यांच्या कार्यालयाने या मंडळावरच रिकोखाली खटला भरला. १९ नोव्हेंबर १९८६ रोजी आठही आरोपी दोषी ठरले आणि १३ जानेवारी १९८७ रोजी त्यांतल्या सात जणांना प्रत्येकी शंभर वर्षांची शिक्षा झाली. त्यांतले अँथनी सालेर्नो १९९२ साली, अँथनी कोराल्लो २००० साली आणि कार्माइन पर्सिको २०१९ साली कैदेतच मेले. 

त्याच सुमारास पिझ्झाच्या दुकानांआडून १६० कोटी डॉलरचे हेरॉइन विकणाऱ्या सिसिलियन जाळ्याचा खटला सतरा महिने चालला. १९८८ साली फेडरल सरकारने टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या प्रचंड संघटनेवर रिकोखाली दावा लावला. सुमारे पंधरा लाख सदस्यांची ती संघटना, आणि तिच्या निवृत्तिवेतन निधीतून लास व्हेगासचे कॅसिनो उभे राहिले होते. पुढच्या वर्षीच्या तडजोडीनंतर तिच्यावर न्यायालयाची देखरेख आली आणि ती पाव शतक टिकली. २० जानेवारी २०११ रोजी ८०० पोलीस आणि एजंटांनी ईशान्य अमेरिकेत एकाच दिवशी धाडी घातल्या. १२७ जणांवर आरोप ठेवण्यात आले. माफियाविरुद्धची ती तोवरची सर्वांत मोठी एकदिवसीय कारवाई होती.

हत्यार प्रत्येक वेळी चालले असे नाही. न्यू जर्सीत लुकेझी घराण्याच्या वीस माणसांवर २१ महिने खटला चालला. ऑगस्ट १९८८ मध्ये ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष सोडले. माफियावरचा तोवरचा सर्वांत लांब खटला होता तो. यातून सरकारी वकिलांनी धडा घेतला: खटला चालवणे महाग आणि बेभरवशाचे, शिक्षेची भीती दाखवणे स्वस्त आणि खात्रीचे.

साक्षीचा भाव

शंभर वर्षांच्या शिक्षेचा खरा उपयोग तिथेच आहे. साठ-सत्तरीचा म्हातारा शंभर वर्षे जगणार नाही हे न्यायाधीशालाही कळते. ती शिक्षा पुढच्या खटल्यातल्या आरोपीसाठी असते. पूर्वी माफियाचा माणूस पाच-सात वर्षे गप्प बसून काढायचा, घरच्यांना टोळी सांभाळायची, बाहेर आल्यावर मान वाढायचा. शंभर वर्षे समोर आल्यावर मौनाचा हा हिशोब मोडला. ग्रॅव्हानोने बोलायचे ठरवले आणि २ एप्रिल १९९२ रोजी जॉन गॉटी दोषी ठरला. जन्मठेप भोगत असतानाच तो जून २००२ मध्ये मेला.

माफीच्या साक्षीदारांना लपवण्याची व्यवस्थाही १९७०च्या त्याच कायद्यातली. १९७१पासून आजवर १९ हजारांहून अधिक साक्षीदार आणि त्यांच्या कुटुंबीयांना नवे नाव, नवे गाव, नवी कागदपत्रे मिळाली आहेत. नियम पाळणारा एकही साक्षीदार मारला गेला नाही, असे ही योजना चालवणारे यू. एस. मार्शल्स अभिमानाने सांगतात. ही खरोखर मोठी कामगिरी आहे, आणि माफियाची पकड सैल होण्यात अशा साक्षींचा मोठा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण साक्षीला भाव आला की खोट्या साक्षीलाही येतो. बॉस्टनजवळ १९६५ साली झालेल्या एका खुनात जोसेफ बार्बोझा या भाडोत्री खुन्याने चार निर्दोष माणसांची नावे घेतली. तो खोटे बोलतोय हे एफबीआयला माहीत होते. खरा माणूस त्यांचा खबऱ्या होता आणि त्याला वाचवायचे होते. १९६८ साली चौघेही दोषी ठरले, त्यांतल्या तिघांना मृत्युदंड झाला. मृत्युदंड पुढे जन्मठेपेत बदलला. दोघे तुरुंगात मेले, दोघे तीस-तीस वर्षांनी बाहेर आले. २००७ साली न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी सरकारला १० कोटी १७ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. कैदेच्या एका वर्षाला साधारण दहा लाख डॉलर हे त्या निकालाचे माप. तुरुंगातल्या वर्षाची सरकारने पैशात मोजलेली एवढी मोठी किंमत क्वचितच दिसते.

ग्रॅव्हानोचेही पुढे ऐकण्यासारखे आहे. नव्या आयुष्यासाठी त्याला ॲरिझोनात पाठवले होते. २००० साली तो तिथे अमली गोळ्यांचे जाळे चालवताना पकडला गेला आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. १९ खुनांच्या शिक्षेच्या चौपट.

खाली झिरपलेली रीत

टोळीप्रमुखाला वाकवण्यासाठी वापरलेली रीत लवकरच सगळ्यांना लागू झाली. १९८४ साली फेडरल गुन्ह्यांसाठी पॅरोल रद्द झाला. १९८६च्या अमली पदार्थ कायद्याने किमान शिक्षा ठरवून दिल्या: पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे कोकेनचाच खडा, जवळ सापडला तर विक्रीच्या आरोपाखाली पाच वर्षे. त्याच कोकेनची पूड असेल तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागत. क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकला जाई, पूड श्रीमंत घरांत. शंभरास एक हे प्रमाण चोवीस वर्षे टिकले. २०१० साली ते अठरास एक झाले. १९८८ साली कटात सामील असलेल्यालाही तीच किमान शिक्षा लागू झाली, त्याने स्वतः काहीही विकले नसले तरी.

आणि या किमान शिक्षेतून सुटण्याची मुख्य वाट कोणती? सरकारला ‘भरीव मदत’ करणे. ती झाली की नाही, हे सांगणारा अर्ज फक्त सरकारी वकील करू शकतो. न्यायाधीशाला आरोपीची कितीही दया आली तरी त्या अर्जावाचून त्याचे हात बांधलेले. शिक्षा ठरवण्याची सत्ता न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठून सरकारी वकिलाच्या टेबलावर गेली, ती अशी.

केंबा स्मिथ ही व्हर्जिनियातली कॉलेज विद्यार्थिनी. तिचा मित्र क्रॅकची टोळी चालवायचा आणि तिला मारहाण करायचा. तिने स्वतः अमली पदार्थ विकले किंवा घेतले नव्हते, हे सरकारी वकिलांनाही मान्य होते. पण कटाच्या कायद्याने टोळीचा २५५ किलो क्रॅक तिच्या नावावर लागला. मित्राचा खून झाल्यावर सरकारला तिच्याकडून घेण्यासारखे काही उरले नाही. १९९५ साली तिला साडेचोवीस वर्षांची शिक्षा झाली. तिचा मुलगा ती कैदेत असताना जन्मला. सहा वर्षांहून अधिक काळ कैदेत काढल्यावर, डिसेंबर २०००मध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शिक्षा कमी केली म्हणून ती सुटली.

ज्याला मोठी माहिती असते तो मोठा गुन्हेगार असतो, म्हणून त्याला मोठी सूट मिळते. ज्याला काही माहीत नसते तो सर्वांत खालचा असतो, म्हणून तो पूर्ण शिक्षा भोगतो. ही या बाजाराची चूक नाही. तो असाच चालतो.

हजारात चार

खटला लढवून निर्दोष सुटण्याचा हक्क राज्यघटनेत आहेच. २०२२ या आर्थिक वर्षात फेडरल न्यायालयांत ७१,९५४ आरोपींची फौजदारी प्रकरणे निकाली निघाली. त्यांतल्या ८९.५ टक्के आरोपींनी गुन्हा कबूल केला. आठ टक्क्यांच्या आसपास प्रकरणे रद्द झाली. खटला प्रत्यक्ष चालून जे निर्दोष सुटले ते फक्त २९०. हजारात चार. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले की फेडरल न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीवर होतात. सिनेमात आपण पाहतो ती ज्यूरी, उलटतपासणी, शेवटचे भाषण, हे सगळे उरलेल्या थोड्या प्रकरणांपुरते.

कबुली का दिली जाते, ते केंटकीतल्या एका खटल्यातून कळते. आरोप होता ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा. सरकारी वकिलाने देऊ केले: गुन्हा कबूल कर, पाच वर्षे मागतो, नाही तर सराईत गुन्हेगाराचा कायदा लावतो. आरोपीने नकार दिला, खटला लढवला आणि हरला. जन्मठेप. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की यात घटनेचा भंग नाही. गुन्हा तोच, पुरावा तोच, माणूस तोच. पाच वर्षे आणि जन्मठेप यांतला फरक फक्त खटला मागण्याचा होता.

अशा दबावाखाली निर्दोष माणूसही कबूल होतो. १९८९पासून अमेरिकेत ३,५००हून अधिक लोक शिक्षा भोगत असताना किंवा भोगून झाल्यावर निर्दोष ठरले. त्यांनी तुरुंगात घालवलेल्या वर्षांची बेरीज ३० हजारांवर जाते. त्यांतल्या शेकडो जणांनी न केलेला गुन्हा कबूल केलेला होता.

सात कोटी ग्रॅम

आता बाजाराचे वरचे टोक पाहू. शिकागोतल्या पेड्रो आणि मार्गारितो फ्लोरेस या जुळ्या भावांनी मेक्सिकोच्या सिनालोआ कार्टेलचा सुमारे ७० टन माल, बहुतेक कोकेन, अमेरिकेत आणला आणि जवळपास दोन अब्ज डॉलर परत पाठवले. मग ते सरकारला मिळाले, गुपचूप फोनवरचे बोलणे टेप करून दिले. २०१५ साली प्रत्येकाला चौदा वर्षांची शिक्षा झाली. सत्तर टन म्हणजे सात कोटी ग्रॅम. त्या वर्षी लागू असलेल्या नियमाने पाच वर्षांच्या किमान शिक्षेला २८ ग्रॅम क्रॅक पुरेसा होता. या भावांचा सगळा माल क्रॅक असता तर त्यातून अशा पंचवीस लाख किमान शिक्षा निघाल्या असत्या.

या साक्षी वाया गेल्या नाहीत. कार्टेलचा प्रमुख होआकिन ‘एल चापो’ गुझमान याच्या खटल्यात सरकारने ५६ साक्षीदार उभे केले, त्यांतले १४ माफीचे. जुलै २०१९मध्ये त्याला जन्मठेप, वर तीस वर्षे आणि साडेबारा अब्ज डॉलरहून अधिक रकमेची जप्ती अशी शिक्षा झाली. तो आज कोलोरॅडोतल्या त्या फेडरल तुरुंगात आहे जिथे कैदी दिवसाचे बावीस-तेवीस तास कोठडीत एकटा असतो.

पण हा पैसा कोणत्या वाटेने हलला? डिसेंबर २०१२मध्ये एचएसबीसी बँकेने मान्य केले की तिच्या ढिलाईमुळे मेक्सिको आणि कोलंबियातल्या कार्टेलांचे किमान ८८ कोटी १० लाख डॉलर तिच्या खात्यांतून धुतले गेले. मेक्सिकोतून आलेल्या ६७० अब्ज डॉलरच्या व्यवहारांवर तिने पुरेशी नजरच ठेवली नव्हती. शिक्षा? १९० कोटी डॉलरची रक्कम आणि पुढे नीट वागण्याचा करार. त्या वर्षीचा बँकेचा करपूर्व नफा २०.६ अब्ज डॉलर होता. म्हणजे साधारण पाच आठवड्यांची कमाई. एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. ८८ डॉलर ३० सेंटला जन्मठेप आणि ८८ कोटी डॉलरला एकही दिवस नाही.

२०२४ साली टीडी बँकेने तर अमेरिकेत काळा पैसा धुण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला आणि तीन अब्ज डॉलर भरले. एका टोळीने तिथे ४७ कोटी डॉलर फिरवले आणि त्यासाठी बँकेच्या कर्मचाऱ्यांना ५७ हजार डॉलरची गिफ्ट कार्डे वाटली होती.

हिशोब काय निघतो

रिको झाला त्या १९७० साली राज्य आणि फेडरल तुरुंगांत मिळून दोन लाखांहून कमी कैदी होते. २००९ साली ते सोळा लाख होते. चाळीस वर्षांत आठपट. ही वाढ रिकोने केली असे म्हणणे चूक ठरेल. त्या कायद्याखाली गेलेले लोक एकूण कैद्यांत मूठभरच आहेत. राज्यांच्या तुरुंगांतले निम्म्याहून अधिक कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आहेत, आणि अमली पदार्थांचे कैदी एकूण पाचात एक आहेत, हेही खरे. पसरली ती रीत: शिक्षा इतकी मोठी ठेवायची की माणूस खटला मागणारच नाही.

आणि या रीतीने सुरक्षितता वाढली का? १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन पोलीस शंभरातल्या नव्वद खुनांचा छडा लावत. २०२२च्या सुमारास हे प्रमाण पन्नासच्या आसपास आले होते. २०१७ साली एका अभ्यासगटाने मांडलेल्या हिशोबानुसार हा सगळा तुरुंगांचा व्याप सरकार आणि कैद्यांच्या कुटुंबांना मिळून वर्षाला १८२ अब्ज डॉलरला पडतो. एवढा खर्च, एवढे तुरुंग, आणि जवळपास निम्मे खुनी मोकळे.

मोठ्यांसाठी केलेला कायदा लहानांवर कसा उतरतो, याचे उदाहरण अटलांटात घडले. जॉर्जिया राज्याचा स्वतःचा रिको कायदा आहे. २०१३ साली तो सरकारी शाळांतल्या शिक्षक आणि मुख्याध्यापकांना लागला. मुलांच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका बदलून निकाल फुगवल्याचा आरोप ३५ जणांवर होता. १ एप्रिल २०१५ रोजी त्यांतले अकरा जण टोळीच्या कायद्याखाली दोषी ठरले. त्यांनी केले ते वाईटच होते, मुलांचे नुकसान झाले. पण अँथनी सालेर्नोसारख्या टोळीप्रमुखांना गाठण्यासाठी घडवलेला कायदा शाळामास्तरांच्या दारात कसा आला, हा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राचाही आहे. मुंबईतल्या टोळीयुद्धांच्या काळात, १९९९ साली, आपण मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा केला. त्यातली ‘चालू बेकायदा कृत्य’ ही व्याख्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे असे माप लावते. रिकोचीही मोजपट्टी दहा वर्षांचीच. मोक्कात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा ठरते, जामीन कठीण होतो, आणि किमान शिक्षा पाच वर्षांची आहे. त्या काळच्या मुंबईला अशा कायद्याची गरज होती, यात मला शंका नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ संघटित गुन्हेगारीसाठी आहे आणि लगेच कलम ११२ ‘छोट्या संघटित गुन्ह्यां’साठी. त्यात टोळीने केलेली चोरी, सोनसाखळी हिसकावणे, तिकिटांचा काळाबाजार, सट्टा, परीक्षेची प्रश्नपत्रिका विकणे हे सगळे येते. शिक्षा एक ते सात वर्षे. टोळीप्रमुखासाठी घडवलेली भाषा भुरट्या चोरापर्यंत यायला अमेरिकेत वीसेक वर्षे लागली. आपण मोक्कापासून कलम ११२ पर्यंत पंचवीस वर्षांत पोहोचलो आहोत.

म्हणून कठोर कायद्याची मागणी ऐकली की मी अमेरिकेचे आकडे काढून पाहतो. कायदा किती कठोर आहे हे शिक्षेच्या वर्षांवरून कळत नाही. ती वर्षे कोण भोगतो आणि कोण विकून सुटतो, यावरून कळते. आपल्याकडे हे मोजणे अजून सोपे आहे, कारण आकडे अजून लाखांत गेलेले नाहीत. मोक्का आणि कलम ११२ खाली दरवर्षी किती जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यांत टोळीप्रमुख किती आणि रस्त्यावरची पोरे किती, किती जण माफीचे साक्षीदार झाले, किती वर्षे जामिनावाचून आत राहिले आणि शेवटी किती निर्दोष सुटले, हा तक्ता गृहखात्याने दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवला पाहिजे. तो ठेवला जात नसेल तर आमदारांनी मागितला पाहिजे, आणि आमदार मागत नसतील तर आपण.